रेसिडेन्सीच्या सुरुवातीचे देखरेखीचे आठवडे : वाचकांचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागातून या महिन्यात आलेल्या पत्रांत डॉक्टरांची आणि त्यांच्या आईवडिलांची पत्रं जास्त आहेत. विषय एकच आहे. बाहेरच्या देशात शिकलेल्या डॉक्टरला रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं रुग्णालयातलं प्रशिक्षण, देताना काही आठवडे देखरेखीखाली काम करायला लावतात. त्यात बघतात काय आणि त्याची तयारी इथं बसून किती होते, हे लोकांना हवं आहे. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न (टिळकवाडी) : मुलगी बेळगावातून एमबीबीएस झाली. इंटर्नशिपनंतर दोन वर्षं इथंच एका खासगी रुग्णालयात आरएमओ होती. लग्नानंतर पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) मिळून कॅनडात ऑन्टारियोत गेली आहे. तिथं कुणी सांगतं ऑब्झर्व्हरशिप कर, कुणी सांगतं बारा आठवड्यांचं असेसमेंट दे, की थेट प्रॅक्टिस. खरं काय?

उत्तर : या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की वर्ष हातचं जातं.

ऑब्झर्व्हरशिप म्हणजे मागं उभं राहून बघणं. रुग्णाला हात लावायचा नाही, फाइलीत लिहायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. तिथली रीत कळते, ओळखी होतात, एखाद्या वेळी शिफारसपत्रही मिळतं. पण त्याला मूल्यमापन कुणी म्हणत नाही.

बारा आठवड्यांचं जे तिनं ऐकलं ते बहुधा प्रॅक्टिस रेडी असेसमेंट. ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा, सास्कॅचेवान, मॅनिटोबा, ऑन्टारियो, नोव्हा स्कॉशिया अशा बऱ्याच प्रांतांत ते चालतं. ते रेसिडेन्सीच्या ऐवजी आहे, रेसिडेन्सीकडे नेणारं नाही. ज्यांनी आपल्या देशात पदव्युत्तर प्रशिक्षण पुरं केलं आणि नंतर स्वतंत्रपणे प्रॅक्टिस केली, त्यांच्यासाठी ते आहे. पास झाल्यावर साधारण तीन वर्षं प्रांत सांगेल त्या गावात काम करण्याचा करार असतो. एमबीबीएस आणि दोन वर्षांचं आरएमओपण एवढ्यावर तुमच्या मुलीला ते दार उघडायचं नाही.

तिचा रस्ता रेसिडेन्सीचाच. तो कार्म्स या राष्ट्रीय मॅचमधून, म्हणजे उमेदवार आणि जागा जुळवणाऱ्या व्यवस्थेतून जातो, आणि त्यात परदेशी पदवीधराला बहुतेक प्रांतांत नागरिकत्व किंवा पीआर लागतंच. तिच्याकडे पीआर आहे, म्हणजे पहिली अडचण सुटलेली आहे. त्याआधी दोन परीक्षा. पहिली एमसीसीक्यूई पार्ट वन, संगणकावरची. ती भारतातल्या प्रोमेट्रिक केंद्रातही देता येते. दुसरी नॅक, ती मात्र कॅनडातच द्यावी लागते. तिच्यात बारा स्टेशनं असतात, प्रत्येकी अकरा मिनिटांची. नटवलेला रुग्ण समोर असतो आणि परीक्षक बघत असतो. पार्ट टू नावाची जुनी परीक्षा २०२१ मध्येच बंद झाली. तिच्या नावानं कुणी क्लासची फी मागत असेल तर हात जोडून बाहेर यावं.

वेळेचं गणित असं की रेसिडेन्सी १ जुलैला सुरू होते, मॅचचा निकाल त्याच वर्षीच्या मार्चच्या सुमारास लागतो आणि अर्ज आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत भरायचे असतात. म्हणजे आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत पार्ट वन आणि फार तर सप्टेंबरपर्यंत नॅक हातावेगळी झाली पाहिजे. पात्रतेच्या अटी प्रांतागणिक वेगळ्या असतात आणि दरवर्षी बदलतात. मागच्या वर्षी कुणाच्या भावजयीला काय लागलं होतं, ते यंदा लागू पडेलच असं नाही.

जागा मिळाली की मग येतं देखरेखीचं मूल्यमापन. ऑन्टारियोत त्याला असेसमेंट व्हेरिफिकेशन पीरियड म्हणतात. रेसिडेन्सीच्या पहिल्या काही आठवड्यांत, जास्तीत जास्त बारा, तुम्ही प्रत्यक्ष काम करत असता आणि तुमची योग्यता तपासली जात असते. पुढची नोंदणी त्या अहवालावर ठरते. जागा मिळाली म्हणून पेढे जरूर वाटा, पण ती खरी पक्की होते ती या आठवड्यांनंतर.

प्रश्न (चिकोडी) : कॅनडात फॅमिली मेडिसिनची जागा मिळाली आहे. इथं सहा वर्षं सरकारी नोकरी केली आहे. रोज शंभराच्या वर ओपीडी बघितली आहे. असेसमेंटमध्ये आणखी काय बघतात? ज्ञानात कमी पडेन असं वाटत नाही.

उत्तर : ज्ञानात कमी पडणारे थोडेच. ज्ञान तपासून झालेलं असतं, त्यासाठी परीक्षा होत्या. या आठवड्यांत असेसर, म्हणजे मूल्यमापन करणारा डॉक्टर, एकच गोष्ट ठरवत असतो : उद्या मी खोलीत नसताना हा माणूस रुग्णाजवळ सोडण्याजोगा आहे का. आणि हे शिकवणीचे दिवस नाहीत, हेही ध्यानात असू द्या. सांभाळून घेण्याची मुभा असेसरला फारशी नसते.

पहिले काही दिवस संगणकावरच्या नोंदपद्धतीची ओळख आणि असेसरसोबत रुग्ण बघणं. मग तुम्ही रुग्ण एकट्यानं बघता, बाहेर येऊन दोन मिनिटांत मांडता, असेसर पुन्हा आत जाऊन स्वतः बघतो. अधूनमधून तो कोपऱ्यात बसून पूर्ण भेट पाहतो आणि फॉर्म भरतो. तुमच्या नोंदी काढून वाचल्या जातात. नर्स, फार्मासिस्ट, स्वागतकक्षातली मंडळी आणि काही रुग्ण यांच्याकडून लेखी मत घेतलं जातं. मध्यावर एक लेखी आढावा होतो. तो नीट वाचा. तिथं ‘सुधारणा हवी’ असलेली गोष्ट शेवटच्या अहवालात तशीच राहिली तर ती फार महागात पडते.

शंभराच्या ओपीडीतून आलेल्या डॉक्टरच्या सवयी तिथं कुठं आडव्या येतात, ते सविस्तर सांगतो.

आपल्याकडे सासूबाईंच्या गुडघ्याची कथा सून सांगते आणि डॉक्टर सुनेकडे बघून चिठ्ठी लिहितो. तिथं रुग्ण सज्ञान आणि शुद्धीत असेल तर बोलणं त्याच्याशी, नजर त्याच्याकडे. नातेवाईक खोलीत थांबू दे का, हेही त्यालाच विचारायचं. किशोरवयीन मुलाशी थोडा वेळ एकट्यानं बोलायचं असतं. आईला बाहेर बसवायला आपली जीभ रेटत नाही, आणि ते फॉर्मवर लगेच उतरतं.

दुसरं, पहिल्या मिनिटातलं तोडणं. ‘ताप किती दिवस, खोकला आहे का, संडास साफ होते का’ ही आपली सरबत्ती. तिथं मोकळा प्रश्न टाकून रुग्णाला बोलू द्यायचं. मग त्याला स्वतःला काय झालंय असं वाटतं, भीती कशाची आहे, रोजच्या कामात काय अडतंय, आपल्याकडून काय हवंय, हे चार धागे काढायचे. कॅनडातल्या फॅमिली मेडिसिनमध्ये हे चारही धागे नोंदीत सापडावेत अशी अपेक्षा असते. तपासणीआधी काय करणार ते सांगून परवानगी घ्यायची, आणि नाजूक तपासणीला सोबतीला कुणी हवं का ते विचारायचं.

तिसरं, औषधं. साध्या सर्दीला अँटिबायोटिक, अंगदुखीला इंजेक्शन, जोडीला बी-कॉम्प्लेक्स आणि आम्लपित्ताची गोळी, ही आपली चिठ्ठी. असेसर प्रत्येक ओळीवर बोट ठेवून ‘हे का’ विचारेल. ‘रुग्ण मागतात’ हे उत्तर चालत नाही. औषध न देण्याचा निर्णय रुग्णाला पटवून देता येणं हीच तिथं मोठी कसोटी आहे. ब्रँडची नावंही विसरा. पॅरासिटामॉलला तिथं अ‍ॅसिटामिनोफेन आणि अ‍ॅड्रिनलीनला एपिनेफ्रिन म्हणतात.

मग एककं. आपला साखरेचा रिपोर्ट मिलिग्रॅममध्ये येतो, तिथला मिलिमोलमध्ये. १८ नं भागा : १२६ म्हणजे ७.०. क्रिअ‍ॅटिनिन १ मिलिग्रॅम म्हणजे सुमारे ८८ मायक्रोमोल. हिमोग्लोबिन ग्रॅम प्रति लिटरमध्ये असतं, म्हणून आपलं १२ तिथं १२०. कोलेस्टेरॉल २०० म्हणजे ५.२. हे आकडे विमानात पाठ करायचे नसतात. आजपासून रोजचे रिपोर्ट तसे बदलून वाचायला लागा, महिन्याभरात हात बसतो.

नोंदी लिहिण्यात तर आपल्याकडचे चांगले चांगले अडकतात. दिवसातून एकदा, दोनदा, तीनदा यासाठी ओडी, बीडी, टीडीएस ही आपली अक्षरं. तिथल्या औषधसुरक्षेच्या यादीत ‘ओडी’ घातक संक्षेपांत मोडतं, कारण ते उजवा डोळा असं वाचलं जाऊ शकतं. ‘रोज एकदा’ असं पूर्ण लिहायचं. इन्शुलिनपुढे युनिटसाठी नुसतं यू अक्षर लिहायचं नाही, ते शून्यासारखं दिसतं आणि ४ चे ४० होतात. पूर्ण आकड्यापुढे दशांशचिन्ह आणि शून्य नको. दशांशाच्या अलीकडे मात्र शून्य हवंच, म्हणजे ०.५. नोंद त्याच दिवशी, आणि तिच्यात रुग्णाचं म्हणणं, तपासणी, तुमचा अंदाज, पुढचा बेत असे चार भाग. बेतात ‘बरं नाही वाटलं तर या’ हे पुरत नाही. कोणतं लक्षण दिसलं, तर किती वेळात, कुठं जायचं, आणि रक्ताचा रिपोर्ट वाईट आला तर फोन कोण करणार, हे लिहायचं.

मदत मागण्याबद्दल आपल्या डोक्यात उलटंच बसलेलं आहे. वरिष्ठाला रात्री फोन केला तर कच्चा समजतील, म्हणून आपण थांबतो. तिथं उशिरा केलेला फोन ही नापास होण्याची अगदी सरळ वाट आहे. रुग्ण खालावतोय असं वाटताच फोन करायचा आणि परिस्थिती, पार्श्वभूमी, माझा अंदाज, मला काय हवंय या क्रमानं मिनिटभरात सांगायचं. ‘मला माहीत नाही, बघून सांगतो’ म्हणणं गुण कापत नाही. माहीत नसताना माहीत असल्यासारखं बोलणं कापतं. नर्सनं शंका काढली तर तिची शंका ऐकून काय केलं, तेही नोंदीत लिहा. तिचं मत असेसरपर्यंत जाणारच आहे.

एक्स-रेचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर मित्राला पाठवणं आपल्याकडे राजरोस चालतं. ऑन्टारियोत आरोग्यमाहितीच्या गोपनीयतेचा २००४ चा कायदा आहे. ज्याच्यावर तुम्ही उपचार करत नाही त्याची फाइल उघडलीत, मग ती बायकोची का असेना, तरी कुणी कधी उघडली याची नोंद संगणकात राहते. असा प्रकार वैद्यकीय चुकीपेक्षा जड जातो.

राहिला असेसरचा शेरा. हुज्जत घालू नका आणि नुसतं ‘यस सर’ही म्हणू नका. दोन ओळीत वहीत लिहा, आणि पुढच्या आठवड्यात त्याच प्रकारच्या रुग्णाला तुम्ही काय वेगळं केलं ते त्याच्या नजरेला आणून द्या. सुधारणा करून दाखवणारा माणूस त्यांना हवा असतो.

इथून निघायला अजून वेळ आहे ना? मग रोजच्या शंभरातले दोन रुग्ण निवडा, प्रत्येकाला अकरा मिनिटं द्या, आणि एखाद्या सहकाऱ्याला कोपऱ्यात बसवून फॉर्म भरायला लावा. मराठीत किंवा कन्नडमध्ये बोललात तरी चालेल, ही सवय भाषेवर अवलंबून नाही. नोंद मात्र इंग्रजीत, पूर्ण वाक्यांत.

प्रश्न (निपाणी) : एका एजंटनं अमेरिकेत ‘हँड्स-ऑन’ असेसमेंट आणि तीन शिफारसपत्रं असं पॅकेज सांगितलं आहे. मुलगा एमबीबीएस झाला आहे. पर्यटक व्हिसावर जायचं. पैसे द्यावेत का?

उत्तर : देऊ नका. शिकत असताना, कॉलेजमार्फत, तिथल्या मेडिकल स्कूलच्या रुग्णालयात इलेक्टिव्ह (विद्यार्थ्याची काही आठवड्यांची पाळी) करता येते, आणि त्यात रुग्णावर प्रत्यक्ष काम असतं. ती संधी तुमच्या मुलाची संपली. पदवीनंतर पर्यटक व्हिसावर बघता येतं, रुग्णावर उपचार करता येत नाहीत. एजंट ‘हँड्स-ऑन’ म्हणतो तेव्हा तो एकतर खोटं बोलतो किंवा मुलाला बेकायदा काम करायला लावतो. शिफारसपत्राचंही तसंच. रेसिडेन्सीच्या अर्जासाठी ते पत्र लिहिणारा डॉक्टर स्वतः अर्जप्रणालीत चढवतो. आधी विकलेलं पत्र म्हणजे फसवणूक, आणि ती उघड झाली की उमेदवाराच्या नोंदीवर कायमचा शेरा बसतो. एजंट तोवर दुसऱ्या गावात असतो. त्याच पैशांत मुलाला स्टेप टू सीकेची, म्हणजे अमेरिकेच्या परवाना परीक्षेच्या दुसऱ्या टप्प्याची, तयारी करू द्या. स्टेप वनमध्ये जानेवारी २०२२ पासून फक्त पास-नापास असल्यामुळे सगळा जोर आता स्टेप टूवर आला आहे. ऑब्झर्व्हरशिप करायचीच असेल तर रुग्णालयाच्या स्वतःच्या कार्यक्रमात थेट अर्ज करून करावी.

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : माझी पदवी माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या नावावर आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर फक्त आद्याक्षरं. लग्नाचा दाखला कन्नडमध्ये. कागद पडताळणीत अडकेल का?

उत्तर : अडकेल, आणि आपल्या भागात अर्ज सर्वांत जास्त इथंच रखडतात. मराठी रीतीनं लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, कधी तर पहिलंही. परदेशी संस्थेच्या संगणकाला ती दोन वेगळी माणसं दिसतात. पदवी, वैद्यकीय परिषदेची नोंदणी आणि पासपोर्ट ही तिन्ही एका नावाखाली जोडणारा पुरावा लागतो : लग्नाचा दाखला, आणि दोन्ही नावं पूर्ण अक्षरांत असलेलं प्रतिज्ञापत्र. कन्नड दाखल्याचा प्रमाणित अनुवादकाकडून अनुवाद करून घ्या. ज्या संस्थेला द्यायचा आहे ती कुणाचा अनुवाद मानते ते आधी बघा. ज्यांचं लग्न व्हायचं आहे त्यांनी पडताळणी पुरी होईपर्यंत पासपोर्टावरचं नाव बदलू नये. सासरकडचे विचारतील, त्यांना हे पान दाखवा.

दुसरा घोटाळा विद्यापीठाचा. बेळगावच्या जेएनएमसी या वैद्यकीय कॉलेजातून सुरुवातीच्या तुकड्यांना पदवी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची मिळाली. राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठ १९९६ मध्ये आल्यावर पुढच्या तुकड्यांना त्याची, आणि कॉलेज केएलई अभिमत विद्यापीठात गेल्यानंतरच्यांना केएलईची. बिम्स या बेळगावच्या सरकारी वैद्यकीय कॉलेजची पदवी राजीव गांधी विद्यापीठाची. पडताळणीची विनंती पदवीवर ज्या विद्यापीठाचं नाव आहे तिकडं जाते. नुसतं ‘जेएनएमसी, बेळगाव’ लिहून अर्ज भरणाऱ्यांचे कागद भलत्याच टेबलावर पडून राहतात. अर्ज केल्यावर विद्यापीठाच्या परीक्षा विभागात स्वतः जाऊन, ईमेल आला आहे आणि उत्तर त्यांच्या अधिकृत पत्त्यावरूनच गेलं आहे, एवढं बघून या. तुमच्या जीमेलवरून पाठवलेली स्कॅन प्रत पडताळणी ठरत नाही.

प्रश्न (संकेश्वर) : लसीकरणाचे पुरावे मागतात म्हणे. लहानपणीचं कार्ड हरवलं आहे.

उत्तर : मागतात, आणि वेळ खाणारा भाग हाच आहे. हिपॅटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांना घ्यायचे. शेवटच्या डोसानंतर एक ते दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची पातळी तपासायची, ती १० किंवा त्यावर हवी. म्हणजे सुरुवातीपासून सुरुवात केली तर सात-आठ महिने. कुणी तिकीट काढल्यावर याची चौकशी करतं, तेव्हा उशीर झालेला असतो. गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस, मध्ये किमान चार आठवडे. किंवा प्रतिपिंडांचा रिपोर्ट. कांजिण्यांचंही तसंच, ‘लहानपणी आल्या होत्या’ हे तोंडी चालत नाही.

क्षयाच्या त्वचाचाचणीची आपल्याला खास डोकेदुखी. आपण सगळे बीसीजी घेतलेले, शिवाय वॉर्डात वावरलेले, त्यामुळे हात सुजतोच. म्हणून रक्ताची इग्रा चाचणी आणि छातीचा एक्स-रे अहवालासह जवळ ठेवा. त्वचाचाचणी करायचीच असेल तर ती गोवरासारख्या जिवंत लसीच्या आधी किंवा त्याच दिवशी करा, नाहीतर चार आठवडे थांबा. मधे केली तर निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. रिपोर्टवर प्रयोगशाळेचं नाव, तारीख आणि पासपोर्टावरचंच नाव असू द्या.

प्रश्न (खानापूर) : मुलगा फिलिपाइन्समधून डॉक्टर होऊन आला, एफएमजीई (परदेशी पदवीधरांची भारतातली परीक्षा) पास झाला. इंटर्नशिप बेळगावात करावी की कोल्हापुरात? आणि ती परदेशात धरतात का?

उत्तर : आपल्याकडच्या देखरेखीच्या मूल्यमापनाचं हेच रूप आहे, आणि त्याला कमी लेखू नये. १८ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांना किमान ५४ महिन्यांचं शिक्षण, त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि वर भारतात पुन्हा १२ महिन्यांची देखरेखीखालची इंटर्नशिप लागते. आधी प्रवेश घेतलेल्यांचे नियम वेगळे, म्हणून मुलाची प्रवेशाची तारीख पहिली बघा.

बेळगाव की कोल्हापूर, हे तुमच्या मर्जीपेक्षा जागांवर ठरतं. परदेशी पदवीधरांना कॉलेजच्या मंजूर जागांच्या ७.५ टक्के इतक्याच जादा जागा आहेत. १५० जागांच्या कॉलेजात अकरा. बेळगावात केली तर तात्पुरती नोंदणी कर्नाटक वैद्यकीय परिषदेची, कोल्हापूर किंवा मिरजेत केली तर महाराष्ट्राची. दोन्हीकडे अर्ज घालून ठेवून शेवटी घोळ करणारे दिसतात, तसं करू नका. या इंटर्नशिपसाठी फी घ्यायची नाही आणि विद्यावेतन इथल्या इंटर्नइतकंच द्यायचं, असा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा आदेश आहे. कुणी पैसे मागितले तर लेखी मागा, बहुतेक वेळा मागणी तिथंच विरते.

वर्षभरात सर्वांत लांब पाळी कम्युनिटी मेडिसिनची, १२ आठवडे. स्त्रीरोग-प्रसूती ७, मेडिसिन आणि सर्जरी प्रत्येकी ६. रजा सगळी मिळून १५ दिवस. जास्त झाली तर ते दिवस भरून काढावे लागतात. लॉगबुक रोजच्या रोज भरून युनिटच्या डॉक्टरची सही घ्यावी. शेवटच्या आठवड्यात बारा महिन्यांच्या सह्या गोळा करत फिरणाऱ्याला ना सही नीट मिळते ना शेरा. खानापूरच्या मुलाला मराठी येतं, पण जिल्हा रुग्णालयात सौंदत्ती-रामदुर्गकडचा रुग्ण आला की कन्नड लागणारच. हिस्टरी घेण्यापुरतं कन्नड पहिल्या महिन्यात शिकून घ्यावं.

परदेशात ही इंटर्नशिप प्रशिक्षणाचा पुरावा म्हणून दाखवता येते. तिथल्या मूल्यमापनातून मात्र सूट मिळत नाही.

प्रश्न (अथणी) : ब्रिटनमध्ये स्पेशालिटी ट्रेनिंगला क्रेस्ट फॉर्म लागतो. तो इथल्या सरांकडून भरून घेता येतो का?

उत्तर : येतो. क्रेस्ट म्हणजे तुम्ही स्पेशालिटी ट्रेनिंगला तयार आहात असं वरिष्ठानं दिलेलं प्रमाणपत्र. सही करणाऱ्या कन्सल्टंटनं तुमच्याबरोबर सलग किमान तीन महिने काम केलेलं हवं आणि ते काम ट्रेनिंग सुरू होण्याच्या तारखेआधीच्या साडेतीन वर्षांतलं हवं. सर जीएमसीकडे, म्हणजे ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेकडे, नोंदलेले नसतील तर त्यांच्या इथल्या चालू नोंदणीचा पुरावा जोडायचा. त्या वर्षीचाच फॉर्म वापरा, जुना चालत नाही, आणि एकही चौकट रिकामी ठेवू नका. अडचण सहीची नसते, सरांनी फॉर्म न वाचता सही करण्याची असते. प्रत्येक कौशल्यासमोर ते स्वतः पाहिलं की दुसऱ्यानं पाहिल्याचा पुरावा आहे, हे भरायचं आहे. सरांबरोबर एक तास बसा, हृदय बंद पडलेल्या रुग्णापासून वाईट बातमी सांगण्यापर्यंत प्रत्येक मुद्द्याला तुमच्या लॉगबुकातला प्रसंग दाखवा. इंटर्नशिपनंतर किमान बारा महिन्यांचं काम असल्याशिवाय हा फॉर्म उपयोगाचा नाही. नुसती क्लिनिकल अटॅचमेंट तिथं मोजत नाहीत, ती बघ्याची जागा आहे.

प्रश्न (निपाणी) : एमबीबीएसनंतर लग्न, दोन मुलं, आठ वर्षं प्रॅक्टिस नाही. आता नवऱ्याच्या नोकरीमुळे कॅनडाची पीआर मिळते आहे. थेट परीक्षांना बसू का?

उत्तर : परीक्षा पास व्हाल हो, अभ्यासाला आठ वर्षं आडवी येत नाहीत. पण निवड समित्या शेवटचा रुग्ण कधी बघितला ते विचारतात, आणि जागा मिळालीच तर देखरेखीच्या आठवड्यांत हात अडखळतो. जाण्याआधी निदान वर्षभर इथं रुग्ण बघा. शहरी भागातल्या, कर्नाटक सरकारच्या नम्म क्लिनिकमध्ये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत एमबीबीएस डॉक्टरांच्या कंत्राटी जागा निघतात; दिवसभराचं काम, सर्व वयाचे रुग्ण, फॅमिली मेडिसिनला अगदी जुळणारं. सोडताना अनुभवपत्र घ्या. त्यात तारखा, आठवड्याचे तास, रोजचे साधारण रुग्ण आणि तुम्ही नेमकं काय करत होतात ते असावं. ‘वर्तणूक चांगली’ एवढ्या एका ओळीच्या पत्राला तिथं किंमत नाही.

त्याआधी आणखी एक काम. कर्नाटक परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते आणि त्यासाठी ३० सीएमई (डॉक्टरांचं पुढचं शिक्षण) क्रेडिट लागतात. आठ वर्षांत तुमची बहुधा मागं पडली असेल. ती आधी चालू करून घ्या, कारण गुड स्टँडिंगचा दाखला, म्हणजे तुमच्या नोंदणीवर कसली कारवाई नाही असं परिषदेचं पत्र, चालू नोंदणीवरच मिळतो. तो दाखला मात्र आत्ता काढू नका. बऱ्याच ठिकाणी तीन महिन्यांपेक्षा जुना दाखला घेत नाहीत, म्हणून अर्जाची तारीख समोर दिसू लागल्यावरच बेंगळुरूला मागणी पाठवा.